अकरा ते पाचचं काय?

मेंदूला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो. जीव वाचतो, टाके निघतात, भेटायला येणारे पाहुणेही हळूहळू कमी होतात. मग रोज सकाळी एकच प्रश्न उभा राहतो. सगळे कामाला गेल्यावर याने दिवसभर कुठे बसायचं? चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या अभ्यासिकेने या प्रश्नाचं एक साधं उत्तर शोधलं, त्याची ही गोष्ट.

माझा मामा तबला वाजवायचा. सिंदेवाही तालुक्यात त्याची तीन एकर धानाची शेती आहे. पण गावात कुणी त्याला शेतकरी म्हणून ओळखत नव्हतं. ‘तबलावाले’ म्हटलं की लोक थेट त्याच्या दारात आणून सोडायचे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा सीझन सुरू होतो. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सगळीकडे रात्रभर प्रयोग चालतात. मामा त्या चार महिन्यांत घरी फक्त झोपायला यायचा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नावरून परत येताना त्याची बाईक घसरली. हेल्मेट होतं, पण हँडलला लटकवलेलं. आधी चंद्रपूर, मग नागपूर. डोक्यातली रक्ताची गाठ काढली. चोवीस दिवस दवाखान्यात होता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं, नाहीतर शेती विकावी लागली असती. मामा वाचला. आम्ही सगळ्यांनी देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानले आणि आपापल्या घरी गेलो.

मी तर नंतर वर्षभर त्याच्याकडे गेलेच नाही. कॉलेज, प्रोजेक्ट, परीक्षा ही कारणं होतीच. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि शब्द सापडला नाही म्हणून फोन फेकला. त्यानंतर मी फक्त मेसेज करायचे. तेही मामीला.

‘रात निंगून जाते, दिवस नाही निंगत’

मागच्या जुलैत परीक्षा संपल्यावर आईने मला दहा दिवसांसाठी तिकडे पाठवलं. रोवणी सुरू होती. मामी दारातच म्हणाली, “तू आलीस तं बरं झालं बापा. मले बांधीत जाता येईन.”

मला वाटलं मी पाहुणी म्हणून गेले आहे. पहिल्याच दिवशी कळलं की मी ड्युटीवर आहे.

मामाचा उजवा हात अर्धा चालतो. पाय ओढत का होईना, चालतो. पाहणाऱ्याला वाटेल, बरा झाला की! पण सकाळी ब्रश हातात दिला तर तो ब्रश धरून तसाच उभा राहायचा. कुणी ‘घासा’ म्हटलं की घासायचा. ‘थांबा’ म्हटलं नाही तर घासतच राहायचा. चहा हवा असला की ‘पानी’ म्हणायचा, पाणी दिलं की चिडायचा. टीव्ही आणि मिक्सर एकाच वेळी सुरू झाले की कानावर हात ठेवून ओरडायचा. आणि दुपारी कुणाचं लक्ष नसलं की चपला घालून निघायचा. कुठे, ते त्यालाही माहीत नसायचं.

आमच्या भागात ही साधी गोष्ट नाही. गावाच्या एका बाजूला मामा तलाव आहे. (माजी मालगुजारी तलावाचं हे लोकांनी केलेलं छोटं नाव. माझ्या मामाशी त्याचा संबंध नाही.) दुसऱ्या बाजूला जंगल. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात वाघाने माणूस मारल्याची बातमी दर वर्षी छापून येते. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायकासुद्धा एकट्या जात नाहीत. तिथे वाट विसरणारा माणूस एकटा सोडायचा कसा?

म्हणून पहिलं वर्षभर मामी घरीच होती. दुसऱ्याच्या बांधीतली मजुरी बंद, बचत गटाच्या मीटिंगा बंद. घरची शेती ठेक्याने दिली. एके संध्याकाळी तांदूळ निवडताना ती सहज बोलली, “रात निंगून जाते बाई. दिवसच नाही निंगत.”

या पूर्ण विषयावर मी पुढे जे काही वाचलं, ते या एका वाक्यात आधीच होतं.

डोक्याच्या आत नेमकं काय होतं?

आपल्या मेंदूचा कपाळामागचा भाग मॅनेजरचं काम करतो. काम सुरू कर, आता थांब, हे आधी ते नंतर, राग आला तरी गप्प बस, अशा सूचना तो देतो. अपघातात याच भागाला मार लागण्याचं प्रमाण मोठं असतं. मग हातात ताकद असते, पण ‘सुरू कर’ म्हणणारा आतला आवाज येत नाही. बाहेरच्यांना तो आळस वाटतो. राग आवरणारा ब्रेक सैल होतो, तेव्हा लोक म्हणतात स्वभाव बिघडला. बहुतेकांच्या डाव्या मेंदूत भाषेचं केंद्र असतं. तिथे इजा झाली की माणसाला सगळं कळत असूनही शब्द सापडत नाही. याला वाचाघात म्हणतात. यात बुद्धी जात नाही, बोलण्याचा रस्ता बंद होतो.

आणि थकवा. तासभर लोकांमध्ये बसलं तरी अशा मेंदूला दिवसभर रोवणी केल्यासारखा शीण येतो.

हे फक्त बाईकच्या अपघाताने होत नाही. आमच्या दोन जिल्ह्यांत कारणं पुष्कळ आहेत. मोहाच्या किंवा चिंचेच्या झाडावरून पडणं. अस्वलाचा हल्ला, ज्यात डोक्याला आणि चेहऱ्यालाही इजा होऊ शकते. मलेरिया मेंदूत गेला तर वाचलेल्यालाही मागे काहीतरी सोडून जातो, आणि राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा उचलतो. सिकलसेलमुळे कमी वयातही पक्षाघात होऊ शकतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो, बीपी वाढून होणारा पक्षाघात.

‘लकवा शहरातल्या श्रीमंतांना होतो’ असं वाटत असेल तर हे वाचा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांमधल्या मृत्यूंचा दोन वर्षं अभ्यास केला. एकूण १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते, म्हणजे १४.३ टक्के. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण तेच निघालं. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आला. जंगलातल्या गावांमध्येही लकवा हा नंबर एकचा मारेकरी आहे, हे तेव्हा आकड्यांनी सिद्ध झालं.

पण मला वाचताना दुसरंच सुचलं. जे गेले त्यांची मोजणी झाली. जे वाचले ते कुठे आहेत? ते खाटेवर आहेत, ओसरीवर आहेत, आणि त्यांच्या शेजारी एक बाई आहे जिची मजुरी बुडते आहे.

गाडीवान गेज

या विषयावर जगात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट फिनिअस गेजची. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीबाहेर गेली. तो जगला, पण ‘आता तो पहिला गेज राहिला नाही’ असं ओळखीचे लोक म्हणू लागले. पाठ्यपुस्तकं साधारण इथेच थांबतात.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गेज नंतर चिली देशात गेला आणि काही वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, माणसं बसवायची, ठरलेल्या रस्त्याने जायचं. काही अभ्यासक म्हणतात की या रोजच्या बांधलेल्या कामानेच त्याला बऱ्यापैकी सावरलं. आतला मॅनेजर गेला होता, बाहेरच्या वेळापत्रकाने त्याची जागा घेतली.

दिवसभराच्या केंद्राची कल्पना नेमकी हीच आहे. ब्रिटनमध्ये ‘हेडवे’ ही संस्था १९७९ पासून मेंदूला इजा झालेल्यांसाठी काम करते. तिच्या गटांमध्ये लोक दिवसा एकत्र येतात, स्वयंपाक करतात, बागकाम करतात, चित्रं काढतात. तिथे माणसाला दवाखान्यासारखं पेशंट म्हणून वागवत नाहीत आणि घरच्यासारखं ओझं म्हणूनही नाही. आणि तेवढ्या वेळात घरचं माणूस कामाला जाऊ शकतं, झोपू शकतं, निवांत डोकं धुऊ शकतं.

आपल्याकडे ही कल्पना नवी आहे असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटेंनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांना तिथे फक्त औषध मिळालं नाही. शेती, विणकाम, सुतारकाम मिळालं. माणूस बरा होतो तो त्याच्या हाताला काम आणि दिवसाला आकार आला की, हे आनंदवनाने सत्तर वर्षांपूर्वीच दाखवलं आहे.

अभ्यासिकेतली घंटी

आता आमच्या गावाची गोष्ट. इथे संस्था नाही, फंड नाही, बोर्ड नाही.

विदर्भातल्या बहुतेक गावांसारखी आमच्या गावातही एक अभ्यासिका आहे. ग्रामपंचायतीची जुनी खोली, सहा टेबलं, एक पंखा आणि पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांची पुस्तकं. दहा-बारा पोरं-पोरी तिथे सकाळपासून बसलेली असतात. जुलैत मी तिथे मोबाईल चार्ज करायला जायची. एक दिवस मामाला एकटं सोडता येईना म्हणून सोबत घेऊन गेले.

तो तीन तास शांत बसला. घरी वीस मिनिटंही बसत नव्हता.

कारण आता कळतं. तिथे टीव्ही नाही. कुणी सतत ‘काय हवंय, काय हवंय’ विचारत नाही. सगळे खाली मान घालून आपापलं काम करतात. थकलेल्या मेंदूला यापेक्षा बरी जागा कुठली?

दुसऱ्या दिवशी तो स्वतः चपला घालून दारात उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला कुठे जायचं ते माहीत होतं.

पोरांनी आधी कौतुक केलं, मग कुरकुर केली. चौथ्या दिवशी एका मुलाने मोबाईलवर रील लावली, तेव्हा मामाने हात मारून मोबाईल पाडला. स्क्रीन फुटली. त्या मुलाच्या आईने आमच्या दारात येऊन सुनावलं, “पोरायच्या भविष्याचा सवाल आहे, येथी येडे नको आना.” मामीने साठवलेल्या पैशांतून स्क्रीनचे बाराशे रुपये दिले. त्या रात्री ती जेवली नाही. मला वाटलं, संपलं.

सकाळी आशाताई आल्या. त्यांनी अभ्यासिकेत सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, “काल नेमकं काय झालं? आधी आवाज झाला का आधी हात उठला?” आधी आवाज झाला होता, हे स्क्रीन फुटलेल्या मुलानेच कबूल केलं. मग नियम ठरले. अभ्यासिकेत मोबाईल सायलेंट. (हा नियम आधीपासून भिंतीवर लिहिलेला होता, पाळत कुणी नव्हतं.) काकाजींची जागा एकच, खिडकीजवळची. दोन वाजता त्यांनी तासभर आडवं व्हायचं. चिडले तर कुणी वाद घालायचा नाही, एकाने सोबत बाहेर जाऊन हापशीपर्यंत चक्कर मारायची.

आणि मुख्य म्हणजे काकाजींना काम द्यायचं. एका मुलीची आयडिया. परीक्षेचा सराव करताना वेळ पाहणारं कुणीतरी लागतंच. शाळेची जुनी पितळी घंटी आणली, भिंतीवर मोठं घड्याळ लावलं. तास भरला की मामा डाव्या हाताने घंटी वाजवतो. पहिले पंधरा दिवस ‘काकाजी, घंटी’ म्हणून आठवण करावी लागायची. नंतर तो घड्याळाकडेच पाहत बसायला लागला. ज्या माणसाला ब्रश कधी थांबवायचा हे कळत नव्हतं, तो आता बारा जणांचा वेळ सांभाळतो.

दिवाळीत मी परत गेले तेव्हा तिथे तिघं होते. लकवा झालेल्या एक आजी आणि झाडावरून पडलेला, माझ्याच वयाचा एक मुलगा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा ते तीन. आजी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतात. तो मुलगा हजेरीच्या रजिस्टरवर रोजची तारीख लिहितो. आधी चुकायची, आता आठवड्यातून एखादी चुकते. बचत गटाच्या बायका पाळीने एक-एक दिवस लक्ष ठेवतात. मामी त्या तीन दिवशी कामाला जाते. एका संध्याकाळी तिने हातातले मजुरीचे पैसे मला उगाच मोजून दाखवले.

मामा बरा झाला का? नाही. शब्द अजून अडतात, राग अजून येतो, उरलेले चार दिवस तसेच जड जातात. पण सीझन सुरू झाला होता. दुपारी अभ्यासिकेबाहेर नाटकाच्या प्रचाराची गाडी गाणं वाजवत गेली. आम्ही सगळे मामाकडे बघायला लागलो, आता चिडणार. तो गाणं म्हणायला लागला. शब्दांसकट, अख्खं कडवं.

मी थक्क झाले. नंतर वाचलं की वाचाघात झालेल्या काहींना बोलता येत नाही पण गाता येतं, कारण गाण्यासाठी मेंदूची उजवी बाजूही मदतीला येते. सूर पकडून बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धतही आहे. आता पोरं त्याला प्रश्न गाऊन विचारतात. ‘काकाजी, चहा की पानी?’ हे चालीत विचारलं की उत्तर बरोबर येतं.

मग सरकारचं काय?

पोरांनी केलं हे छान आहे, पण हे फक्त पोरांच्या चांगुलपणावर चालावं का? उद्या त्यातल्या चौघांची भरतीत निवड झाली की काय? (निवड व्हावीच!)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. ‘अपघाताने मेंदूला झालेली इजा’ असं वेगळं नाव त्या यादीत नाही. पण हातापायाची कमजोरी असेल तर चलनविषयक दिव्यांगत्व आणि शब्द गेले असतील तर वाचा व भाषा दिव्यांगत्व या नावाखाली प्रमाणपत्र मिळू शकतं. वाचाघाताचा तर कायद्यात थेट उल्लेख आहे. मामाच्या वेळी फक्त हातापायाचे टक्के मोजले गेले, भाषेचं कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

दिवसभराच्या केंद्रांसाठी नॅशनल ट्रस्टची योजना आहे. पण १९९९ च्या त्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढेच चार प्रकार येतात. चाळिशीत डोक्याला मार लागलेला शेतकरी या चौकटीत सहज बसत नाही.

मग पैसा कुठून यावा? महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो वर्षातून एकदा थोडे-थोडे पैसे वाटून संपतो. तोच निधी एका खोलीसाठी, चटईसाठी, पाळीवर येणाऱ्या बाईच्या मानधनासाठी मागता येईल. तो विषय ग्रामसभेत मांडायचा अधिकार अठरा वर्षांवरच्या प्रत्येक मतदाराला आहे, म्हणजे तुम्हाला आणि मलाही. ग्रामसभेची ताकद आमच्या भागाला नवीन नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू स्वतः विकून दाखवला. जे गाव जंगल सांभाळू शकतं, ते आपली तीन माणसं अकरा ते तीन सांभाळू शकणार नाही का?

शिकवायचं कुणी, याचंही उत्तर गडचिरोलीतच आहे. ‘सर्च’ने ३९ गावांत साध्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशाताई बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचं हे काम शिकल्या. त्याच आशाताईंना चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, थकवा कसा ओळखायचा, काम छोट्या पायऱ्यांत कसं तोडायचं हे शिकवलं तर?

तुमच्या गावात, गल्लीत असं कुणी असेल तर...

- एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तर ‘हो-नाही’त येईल असा. मग थांबा. मनात दहा मोजा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.
- टीव्ही बंद करून बोला.
- मोठ्या माणसाशी मोठ्या माणसासारखंच बोला. शब्द गेलेत, वय नाही.
- ‘आराम करा’ म्हणण्याऐवजी एखादं खरं, छोटं, रोजचं काम द्या.
- घरच्या बाईला ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. ‘बुधवारी दोन तास मी बसतो, तुम्ही जाऊन या’ असं म्हणा.
- चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळलेलं दिसलं तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा. रक्तवाहिनीतली गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आमच्याकडून नागपूरचा रस्ताच त्यातले तीन तास खातो.
- आणि हेल्मेट डोक्यात घाला. हँडलला डोकं नसतं.

मी निघाले त्या दिवशी शुक्रवार होता. बस अकराची. मामाला सांगायला अभ्यासिकेत गेले तर त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, शब्द शोधला. मी यावेळी थांबले. दहा मोजले. पंधरा मोजले.

“ये,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “परत.”

आणि घड्याळाकडे पाहून त्याने अकराची घंटी वाजवली. माझी बस चुकली, पुढची साडेबाराला होती. तेवढा वेळ मी त्याच्या शेजारी बसले.